मन सोबतीत शिकतं

चिडलास तर स्वतःला आवरता येतं का? हातात घेतलेलं काम तडीस नेतोस का? समोरच्याला वाईट वाटलंय हे तुझ्या लक्षात येतं का? २०१९ साली जगातल्या दहा शहरांमधल्या मुलामुलींना या धाटणीचे कितीतरी प्रश्न विचारले गेले. हेलसिंकी, इस्तंबूल, मॉस्को, ओटावा, ह्यूस्टन, दक्षिण कोरियातलं देगू, चीनमधलं सूझो, पोर्तुगालमधलं सिंत्रा आणि कोलंबियातली बोगोटा व मानिझालेस ही ती शहरं. विचारणारी संस्था होती ओईसीडी, म्हणजे प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना. गणितात आणि वाचनात कोणत्या देशाची मुलं पुढे आहेत हे ठरवणारी 'पिसा' परीक्षा हीच संस्था घेते. या वेळी तिला मोजायची होती सामाजिक आणि भावनिक कौशल्यं. उत्तरं देणारी मुलं दोन वयांची होती, दहा वर्षांची आणि पंधरा वर्षांची.

२०२१ मध्ये अहवाल आला तेव्हा शहराशहरांतल्या फरकांपेक्षा एक साम्य जास्त ठळक दिसलं. बहुतेक कौशल्यांत पंधरा वर्षांची मुलं दहा वर्षांच्या मुलांपेक्षा स्वतःला कमी गुण देत होती. आशावाद, माणसांवरचा विश्वास, उत्साह, चारचौघांत मिसळण्याची हौस, हे सगळं उतरलेलं होतं आणि मुलींमध्ये ही उतरण अधिक तीव्र होती. २०२३ मध्ये दुसरी फेरी झाली, तिच्यात भारतातून दिल्ली सहभागी झाली. महाराष्ट्रातलं एकही शहर दोन्ही फेऱ्यांत नव्हतं. पण कल्याणमधल्या कुठल्याही शाळेत पाचवीचा तास संपवून नववीच्या वर्गात गेलेल्या शिक्षकाला या अहवालातलं काहीच नवं वाटणार नाही. पाचवीत प्रश्न विचारायच्या आधीच हात वर झालेले असतात. नववीत उत्तर येत असलं तरी मुलगी मान खाली घालते, कारण चुकलं तर मागचा बाक हसेल.

ही उतरण खरी किती आणि भासणारी किती, हा प्रश्न रास्त आहे. किशोरवयात माणसाला पहिल्यांदाच स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येऊ लागतं. त्यामुळे तो स्वतःला कडक गुण देतो. दुसरीकडे, मेंदूतली भावना आणि बक्षीस यांच्याशी संबंधित यंत्रणा या वयात आधी जोर धरते आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पक्व व्हायला पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. म्हणजे मुलाला स्वतःतली त्रुटी दिसू लागते, पण ती भरून काढायचं साधन अजून घडत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दहा ते एकोणीस या वयोगटात दर सातांतल्या एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही समस्या असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतं.

आता मापनाबद्दल दोन शब्द, कारण या विषयावरच्या बातम्या वाचताना फसगत इथेच होते. 'मी मेहनती आहे' या वाक्यापुढे 'पूर्णपणे सहमत'पासून 'अजिबात सहमत नाही'पर्यंत कुठेतरी खूण करायची असते. डोंबिवलीतला दहावीचा मुलगा खूण करताना कुणाशी तुलना करेल? इमारतीतल्या त्या मुलाशी, जो पहाटे साडेचारला उठतो, सकाळी क्लास, दुपारी शाळा आणि रात्री टेस्ट सिरीज करतो. हा मुलगा स्वतःला आळशी ठरवेल. तितकाच अभ्यास करणारा दुसऱ्या देशातला मुलगा स्वतःला मेहनती म्हणेल, कारण त्याच्या आजूबाजूचे त्याहून कमी करतात. स्टीव्हन हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा संदर्भगटाचा परिणाम नेमकेपणाने दाखवून दिला. माणूस स्वतःला मोजतो तो भोवतालच्या माणसांच्या पट्टीने, आणि पट्टी गावागणिक बदलते. म्हणून 'अमुक शहरातली मुलं जास्त सहृदय' असा मथळा आला की मी तो बाजूला ठेवते. एकाच शहरातल्या दोन वयांची किंवा मुलगा-मुलगी यांची तुलना मात्र गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

पट्टी बदलायला देश ओलांडावा लागत नाही, हेही आपल्याकडे लगेच दिसतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात येऊरच्या पाड्यांवरची वारली मुलं आहेत, दिवा आणि भोपरसारख्या गावांतली आगरी मुलं आहेत, मुंब्र्यातल्या उर्दू शाळांची मुलं आहेत, कल्याण पूर्वेतल्या हिंदी भाषक कुटुंबांतली आहेत, आणि नौपाडा किंवा टिळकनगरसारख्या भागातली नोकरदार मराठी घरांतली आहेत. अनेक आगरी-कोळी घरांत मोठ्या माणसांनाही अरे-तुरे करण्याची रीत आहे, आवाज चढा असतो आणि त्यात जिव्हाळा असतो. अशा घरातला मुलगा शाळेत तसाच बोलला की शेरा मिळतो: उद्धट. शांत बसणारी मुलगी 'समंजस' ठरते, मग ती घाबरलेली का असेना. भावनांवर ताबा असणं म्हणजे काय, हे शिक्षक आपल्या घरच्या संस्कारावरून ठरवतात आणि मूल्यमापन-पत्रकात ते मुलाचा गुण किंवा दोष म्हणून उतरतं. कौशल्य शिकवण्याआधी हे भान शिक्षकांना यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर आपण एका वस्तीचे शिष्टाचार दुसऱ्या वस्तीला मानसिक आरोग्य म्हणून शिकवत राहू.

आधार घेण्याच्या रीतीही वेगळ्या असतात. शेली टेलर, हीजंग किम आणि डेव्हिड शर्मन यांचा २००७ मधला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना तणाव येईल असं काम दिलं. त्याआधी एका गटाला जवळच्या माणसाला पत्र लिहायला सांगितलं: मला आधार हवाय, सल्ला दे. दुसऱ्या गटाला फक्त आपल्या जवळच्या माणसांच्या गटाबद्दल लिहायला सांगितलं, मदत मागायची नाही. मग लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक मोजलं. युरोपीय वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना उघड आधार मागण्याने जास्त हलकं वाटलं. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना 'आपली माणसं आहेत' या नुसत्या जाणिवेने. आधार उघड मागावा लागला, तर समोरच्यावर भार टाकल्याची बोच त्यांना लागत होती.

हा प्रयोग कॅलिफोर्नियातल्या महाविद्यालयीन मुलांवर झाला. त्यावरून डोंबिवलीच्या पोरांबद्दल थेट निष्कर्ष काढू नये. तरी नरक चतुर्दशीच्या सकाळी तिथल्या फडके रोडवर जे घडतं ते समजून घ्यायला तो उपयोगी पडतो. अभ्यंगस्नान आटोपून, फराळ करून, नवे झब्बे घालून, साड्या नेसून आलेली शेकडो तरुण मुलं गणेश मंदिराच्या परिसरात नुसती फिरतात, भेटतात, फोटो काढतात. शाळा सुटल्यावर पांगलेले वर्गमित्र वर्षातून एकदा तिथे हमखास सापडतात. ठाण्यात हीच गर्दी तलावपाळीला आणि राम मारुती रोडवर असते. त्या गर्दीत कुणी कुणाजवळ मन मोकळं करत नाही. पण नापास झालेला, प्रेमात तोंडघशी पडलेला, घरात भांडून आलेला असा प्रत्येक जण दोन तास आपल्या माणसांत असतो. वर्षभर हेच काम कट्टा करतो, सोसायटीच्या गेटजवळची पायरी करते, ढोल-ताशा पथकाची गणपतीआधीची तालीम करते. पथकात मुलींची संख्या लक्षणीय असते आणि मला ती फार मोलाची वाटते, कारण संध्याकाळी उशिरापर्यंत घराबाहेर, मित्रमैत्रिणींसोबत, घामाघूम होऊन काहीतरी करण्याचा हक्क आपल्या मुलींना सहजासहजी मिळत नाही. कट्टा बहुतेक ठिकाणी मुलांचाच असतो.

मोठ्यांची गैरहजेरी हा या भागातला मोठा प्रश्न आहे आणि त्याला कारण आहे रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि दीडशे वर्षांत ही गावं मुंबईची झोपायची जागा झाली. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. घरापासून स्टेशन, फलाटावरची वाट, गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली गाडी, उतरल्यावर पुन्हा बस किंवा चालणं, हे सगळं धरून आईबाप दिवसाचे बारा-बारा तास बाहेर असतात. रात्री साडेआठला आई घरात शिरते तेव्हा कुकर लावायचा असतो. चौदा वर्षांचं मूल मनातलं बोलतं ते काहीतरी दुसरं चाललेलं असताना: भाजी निवडताना, कपडे घडी घालताना, स्कूटरवर मागे बसल्यावर. नेमके हे आडवेळचे तास प्रवासाने खाल्ले आहेत. पूर्वी डोंबिवलीच्या चाळीत गॅलरी होती, शेजारच्या काकू होत्या, आजी होती. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्टमधली दहा सेकंदं असतात.

उरलेले तास क्लास घेतो. एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्वास्थ्याबद्दल विचारलं. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणं असल्याचं ८१ टक्के मुलांनी सांगितलं. यात आश्चर्य काही नाही. फक्त एवढंच की चिंतेचं कारण जिथे आहे, तिथेच मुलाचा सगळा दिवसही आहे.

इथे ठाण्याची गोष्ट सांगायला हवी. या शहरात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. इतक्या वर्षांत 'ठाण्याला पाठवायला हवं' हे वाक्य साऱ्या महाराष्ट्रात हिणवण्यासाठी वापरलं गेलं आणि मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर हे समीकरण घट्ट झालं. त्याच ठाण्यात २३ मार्च १९९० ला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजेच आयपीएच, ही संस्था सुरू केली. 'सुदृढ मन सर्वांसाठी' हे तिचं ब्रीद. यातला 'सर्वांसाठी' हा भाग त्या काळी धाडसाचा होता. आजारी माणसावर उपचार करणं हे तर मनोविकारतज्ज्ञाचं कामच. पण आजारी नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलालाही मनाबद्दल काही शिकण्यासारखं आहे, असं म्हणून शाळांत, सभागृहांत, नाटकांतून आणि पुस्तकांतून बोलत राहणं ही वेगळी गोष्ट होती.

नव्वदच्या दशकात सुरुवातीलाच ठाण्यात 'वेध' ही परिषद सुरू झाली आणि पुढे कल्याणसह महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोहोचली. तिचं बाह्य रूप करिअर मार्गदर्शनाचं आहे. पण व्यासपीठावर घडते ती मुलाखत. वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं येतात आणि डॉ. नाडकर्णी त्यांना त्यांच्या वाटचालीबद्दल विचारतात: कुठे अडलात, कुणी हात दिला, कशाची भीती वाटली. प्रेक्षागृहात बसलेल्या मुलांना टक्केवारीपलीकडचं एक सबंध आयुष्य ऐकायला मिळतं. एका कर्तबगार मोठ्या माणसाने शेकडो लोकांसमोर 'तेव्हा मी खचलो होतो' म्हणणं ही भावनिक शिक्षणाची फार प्रभावी पद्धत आहे. आपल्या घरांत बाप असं म्हणत नाही.

आयपीएचच्या कामामागे एक विचारपद्धती आहे आणि तिचा प्रवास या प्रकरणाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडायला सुरुवात केली. तिची मुळं त्यांनी स्वतःच एपिक्टेटससारख्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांत दाखवली आहेत. किशोर फडके यांनी ती भारतात रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. डॉ. नाडकर्णी यांनी 'स्वभाव-विभाव' या पुस्तकातून ती सर्वसामान्य मराठी वाचकाच्या घरात नेली. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, घटनेबद्दलची आपली धारणा करते, हे तिचं सूत्र. समजा, पूर्वपरीक्षेत ७८ टक्के पडले. 'नव्वदच्या वर मिळायलाच हवेत, नाहीतर माझा काही उपयोग नाही' असं मानणारा मुलगा कोसळतो. 'मिळायला हवे होते असं फार वाटत होतं, नाही मिळाले, वाईट वाटतंय' असं म्हणणारा मुलगा दुःखी होतो, पण दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडू शकतो. वाईट वाटूच नये, असा दावा ही पद्धत करत नाही. हट्टाचं रूपांतर इच्छेत करता येतं का, एवढंच ती विचारते.

आणि इथे संस्कृतीचा प्रश्न पुन्हा येतो. एलिस यांचा रुग्ण न्यूयॉर्कमध्ये एकटा खुर्चीत बसलेला प्रौढ होता, त्याच्या धारणा त्याच्या होत्या. कल्याणच्या मुलाची धारणा त्याच्या एकट्याची नसते. नव्वदच्या वर मिळायलाच हवेत हे आईचं, मामाचं, क्लासच्या फलकावर लागलेल्या फोटोंचं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं म्हणणं असतं. त्या मुलाने एकट्याने विचार बदलावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. घरातल्या मोठ्यांनाही सोबत बसवल्याशिवाय हे काम होत नाही. मराठीत विवेकनिष्ठ विचार रुजला तो पालकसभा, गटचर्चा आणि व्याख्यानं यांतून, याचं मला म्हणूनच समाधान वाटतं.

मात्र वेधच्या सभागृहात येणारी मुलं बऱ्याच अंशी मध्यमवर्गीय असतात. ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी दुसरं एक काम उभं राहिलं, आणि माझ्या मते या सगळ्या पट्ट्यातला सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग तोच आहे. रत्नाकर मतकरी यांनी १९६०च्या दशकात मुंबईत बालनाट्याची चळवळ उभी केली होती. आयुष्याच्या उत्तरार्धात, २०१४ पासून, त्यांनी ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ही संस्था वस्त्यांत राहून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करत आली आहे. मतकरींची कल्पना अशी होती की या मुलांवर दुसऱ्यांनी नाटक लिहू नये, मुलांनीच आपल्या जगण्यातलं नाटक शोधावं. वस्तीतल्या मुलामुलींचे गट जमतात, आपल्याला छळणारा विषय ठरवतात, त्यावर आपल्या बोलीत प्रसंग उभे करतात, जाणकार रंगकर्मी मदत करतात. मग 'नाट्यजल्लोष' या नावाने ती नाटुकली लोकांसमोर येतात, गडकरी रंगायतनच्या रंगमंचावरसुद्धा. १९७८ पासून ठाणेकरांचं लाडकं असलेलं हे नाट्यगृह वस्तीतल्या अनेक घरांसाठी तोवर बाहेरून पाहायची इमारत होती.

अशा तालमीत काय काय शिकावं लागतं ते बघा. समजा, एका गटाने दारू पिऊन येणाऱ्या बापाचा प्रसंग निवडला. बाप कोण होणार? ज्या मुलाच्या घरात हे रोज घडतं त्याच्याकडे सगळे बघतात, किंवा मुद्दाम बघत नाहीत. त्यानेच ती भूमिका घेतली, तर त्याला बापाच्या अंगात शिरावं लागतं. हा माणूस कामावरून आला तेव्हा त्याच्या मनात काय होतं? वस्तीत आजवर या मुलाला बापाचा राग करणं किंवा बापाला लपवणं एवढंच माहीत होतं. आता तो त्याला समजून घेतोय आणि तरी त्याचं समर्थन करत नाही. आईचं काम करणारी मुलगी सांगते की मी मार खाऊन गप्प बसणार नाही, संवाद बदला. मग वाद होतो: खऱ्या आया गप्प बसतात, मग नाटकात खोटं का दाखवायचं? हा वाद मिटवायला आवाज चढवून भागत नाही, कारण पुढच्या रविवारी तालीम आहे आणि ती मुलगी आली नाही तर नाटक पडेल. आपलं वाक्य येईपर्यंत थांबणं, दुसरा विसरला तर त्याला सावरून घेणं, चूक झाल्यावर रडू न येता पुन्हा सुरुवात करणं, हे सगळं त्या दोन तासांत येतं. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली: स्वतःची ओळख, सहानुभाव, चिकित्सक आणि सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, नातेसंबंध, संवाद, ताण आणि भावना हाताळणं. नाटकाच्या एका तालमीत यातलं एकही गाळता येत नाही.

याला संशोधनाचा पाठिंबा आहे. अमेरिकेत थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी वर्षभर अभिनय शिकणारी मुलं आणि वर्षभर इतर कला शिकणारी मुलं यांची तुलना केली. त्यांचा निबंध २०१२ मध्ये आला. अभिनय शिकणाऱ्यांचा सहानुभाव वाढला होता आणि किशोरवयीनांमध्ये दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याची क्षमताही. त्याआधी २०११ मध्ये जोसेफ डुरलॅक आणि सहकाऱ्यांनी शाळांतल्या २१३ सामाजिक-भावनिक कार्यक्रमांचा, २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले असले तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या कार्यक्रमांत मुलं स्वतः करून बघत होती आणि पायरीपायरीने शिकत होती त्यांचा परिणाम जास्त होता. नुसतं सांगितलेलं टिकत नाही.

सरकारी पातळीवर प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. दिल्लीने २०१८ मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' जाहीर केला, पहिली ते आठवीसाठी. या शेवटच्या तपशिलापाशी मी अडखळते. मन सर्वांत जास्त खचतं ते नववी-दहावीत, आणि आपला आनंदाचा तास आठवीत संपतो. पुढे बोर्ड आहे, म्हणून. ज्या वर्षी दोर सर्वांत घट्ट धरायचा त्याच वर्षी आपण तो सोडतो.

तास ठेवला तरी तो घेणार कोण, यावर सगळं अवलंबून असतं. याचा सर्वांत चांगला पुरावा भारतातलाच आहे आणि तो गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने मिळवला. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाच्या कार्यक्रमाची चाचणी झाली. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काही शाळांत खास नेमलेल्या समुपदेशकांनी. हे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेले सामान्य तरुण होते. शाळेत एक पेटी ठेवली, मुलांनी त्यात चिठ्ठी टाकावी. भित्तिपत्रक सुरू केलं. मुलांचे गट केले. ज्याला बोलायचं त्याच्याशी एकट्याने बोलले. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य घटलं, दादागिरी घटली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काहीही बदललं नाही. ब्रिटनमध्येही आठ हजारांहून अधिक मुलांच्या एका चाचणीत काही शाळांत शिक्षकांकरवी सजगतेचे धडे दिले गेले आणि २०२२ मध्ये कळलं की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा झाला नाही.

यात शिक्षकांना दोष देणं चूक ठरेल. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं आणि शंभर टक्के निकालाचा तगादा यांत गुरफटलेल्या बाईंना आणखी एक पुस्तिका दिली, तर ती कपाटातच जाणार. शिवाय ज्यांच्या हातात गुण आहेत त्यांच्याजवळ मूल सगळं बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. ही चांगली गोष्ट आहे. पण ती व्यक्ती रोज शाळेत असावी, मधल्या सुट्टीत मैदानावर दिसावी, तिच्या खोलीत शिरणाऱ्याला कुणी 'काय रे, वेडा झालास का' म्हणू नये, हे कागदावरच्या नेमणुकीने होणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिका शाळांना नालंदासारखे तरुण मिळणं अवघड नाही. पथकं चालवणारी, एकांकिका बसवणारी, शिबिरं घेणारी मुलं याच गावांत आहेत. त्यांना प्रशिक्षण द्यावं, मानधन द्यावं आणि वर देखरेखीला तज्ज्ञ असावा.

सोबतीचं एवढं कौतुक केल्यावर तिची मर्यादाही सांगायलाच हवी. कट्ट्यावरची न बोलता मिळणारी सोबत नापासाच्या दुःखाला पुरते. घरातल्या किंवा क्लासमधल्या कुणी अंगाला हात लावला, मोबाइलवरचे फोटो दाखवून कुणी धमकावलं, जगावंसंच वाटेनासं झालं, तर ती पुरत नाही. तिथे शब्द लागतात आणि ते ऐकून न हादरणारं मोठं माणूस लागतं. मुलींच्या बाबतीत हे जास्त खरं आहे. दहा शहरांच्या त्या पाहणीत मुलींनी सहानुभाव आणि जबाबदारी यांत स्वतःला मुलांपेक्षा जास्त गुण दिले होते, ताण सोसण्यात कमी. आपल्याकडे वर्गातली समजूतदार मुलगी आईचं दुःख, धाकट्या भावाचा अभ्यास आणि मैत्रिणींची भांडणं असं सगळं पोटात घेते. तिचं स्वतःचं कोण ऐकतं, हे विचारायला कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण ती कधीच त्रास देत नाही.

घरच्यांनी पाहायच्या खुणा साध्या आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बदललेली आहे, आवडीचा खेळ वा पथक सोडून दिलंय, मूल मित्रांचे फोन घेत नाही, स्वतःच्या जिवाबद्दल निरवानिरवीचं बोलतं, अंगावरच्या जखमा लपवतं. यातलं काही दिसलं तर 'वय आहे, जाईल' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रं आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही मिळते. हा फोन मुलाने स्वतः लावावा, आईबापांनी लावावा, आणि शेजारच्या दारातल्या गप्प झालेल्या मुलीची काळजी वाटत असेल, तर काय करावं हे विचारायला शेजाऱ्यानेही लावावा.